हरकत पोहोचली, उत्तर कुठे आहे?

प्रति,
महाराष्ट्रातील २९ महापालिकांचे सर्व नगरसेवक



१५ जानेवारी २०२६ ला आम्ही मतदान केले, दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला गेला आणि राज्यातल्या २९ शहरांना मिळून २,८६९ नगरसेवक मिळाले. तुमचे मनापासून अभिनंदन. हे अभिनंदन उपचारापुरते नाही. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत २०२० पासून आणि मुंबई-पुण्यात २०२२ पासून सभागृहे ओस पडली होती. प्रशासनाने प्रस्ताव तयार करायचा आणि प्रशासक म्हणून त्याच प्रशासनाच्या प्रमुखाने त्यावर सही करायची, अशी ती वर्षे गेली. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रकसुद्धा सभागृहात कुणी उभे राहून एक प्रश्न न विचारता मंजूर झाले.

त्या वर्षांत सामान्य नागरिकाच्या हाती अधिकृत असे एकच हत्यार उरले होते, ते म्हणजे हरकत. हे पत्र त्या हरकतीबद्दल आहे. इंटरनेटमुळे ती पाठवणे सोपे झाले, पण पाठवल्यावर पलीकडून काही येत नाही. आणि पलीकडून काही येणार असेल, तरच कारभारातल्या लोकसहभागाला अर्थ आहे, असे माझे ठाम मत आहे. ॲप, पोर्टल, डॅशबोर्ड हे सगळे त्यानंतर.

तुमच्यापैकी बरेच जण पहिल्यांदाच निवडून आले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मतदानाखेरीज शहराच्या कारभारात नागरिकाला बोलण्याची जी काही कायदेशीर जागा आहे, ती मुख्यतः ‘हरकती व सूचना’ या सदरात आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मैदानाचे आरक्षण बदलायचे असले तरी मागवाव्या लागतात. झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, आणि हरकतीला सात दिवसांची मुदत असते.

पूर्वी हे सारे जिकिरीचे होते. अर्जाच्या प्रती काढायच्या, कचेरीत जायचे, आवक-जावकच्या खिडकीशी ताटकळायचे आणि आपल्या प्रतीवर गोल शिक्का घेऊन परतायचे. नोकरदाराची अर्ध्या दिवसाची रजा त्यात जायची. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा व्हायचा, म्हणून तो यायचाच नाही. आता झाडावरच्या नोटिशीचा फोटो सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पडतो, आणि रात्री स्वयंपाकघर आवरून झाले की घरातली बाई फोनवरूनच ईमेल पाठवते. ज्यांचा आवाज त्या खिडकीपर्यंत कधी पोहोचत नव्हता, त्यांचा पोहोचू लागला.

याची ताकद मुंबईने २०१५ मध्ये पाहिली. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याची तयारी सुरू झाली तेव्हा पालिकेने जमिनीच्या सध्याच्या वापराचे नकाशे संकेतस्थळावर टाकले होते. शहरातल्या संस्था-संघटनांनी ते उतरवून घेतले, छापले, वस्त्यांमध्ये नेऊन लोकांसमोर पसरले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा बाहेर आला, तोवर नकाशा वाचायला शिकलेली माणसे शहरात तयार झाली होती. त्यांना चुका पटापट दिसल्या. वारसा वास्तूंची नोंद नाही, उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट करून दिलेली. साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. २१ एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितले, आणि सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. एवढ्या मोठ्या शहराचा आराखडा लोकांच्या हरकतींपुढे मागे घ्यावा लागतो, ही गोष्ट लहान नाही.

चार वर्षांनी त्याच शहरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतल्या अडीच हजारांहून अधिक झाडांचा प्रस्ताव आला. त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती नोंदल्या गेल्या. वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस प्रस्ताव मंजूर केला, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि ४ ऑक्टोबरच्या रात्री करवती चालल्या. मेट्रो आधी की झाडे आधी, या वादात मी इथे शिरत नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की त्या ऐंशी हजारांपैकी किती जणांना असे उत्तर गेले की ‘तुम्ही सुचवलेली पर्यायी जागा आम्ही तपासली, ती अमुक कारणाने चालत नाही’? कारण पटले नसते तरी चालले असते. भांडायला निदान काही हाती लागले असते. पहिल्या वेळी हरकती का चालल्या आणि दुसऱ्या वेळी का चालल्या नाहीत, हे ज्याने दोन्ही वेळा ईमेल पाठवली त्या माणसाला कळायला मार्ग नाही. अशा माणसाने तिसऱ्या वेळी ईमेल का पाठवावी?

एका सुनावणीचे सांगते. शहराचे नाव घेत नाही. खेळाच्या मैदानाच्या आरक्षणात बदल होता. शे-सव्वाशे हरकतदारांना सकाळी अकराची एकच वेळ दिलेली. खुर्च्या अपुऱ्या, म्हणून निम्मे लोक व्हरांड्यात. आत टेबलामागे अधिकारी, शेजारी रजिस्टर घेऊन बसलेला लिपिक. ‘अनुक्रमांक? नाव? इथे सही करा.’ माझ्या पुढे पंचाहत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी नकाशाच्या झेरॉक्स चिकटपट्टीने जोडून आणल्या होत्या आणि त्यावर लाल पेनाने नाला काढला होता. ‘साहेब, हे मैदान गेलं तर पावसाचं पाणी या बाजूने आमच्या चाळीत शिरेल,’ असे ते बोट ठेवून दाखवू लागले. साहेब म्हणाले, ‘काका, लेखी दिलंय ना? मग झालं. पुढचे या.’ काकांनी नकाशाची घडी घातली आणि सही केली. काही महिन्यांनी संकेतस्थळावर निर्णयाचा तक्ता आला. स्कॅन केलेली पाने, त्यातली काही आडवी. त्यांच्या क्रमांकापुढे लिहिले होते, ‘हरकत अमान्य.’ वरच्या ओळीत तेच, खालच्या ओळीत तेच, पान उलटले तरी तेच. नाल्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

त्या काकांचा मुद्दा चुकीचाही असेल. अभियंत्याने जागेवर जाऊन उतार मोजला असता आणि ‘पाणी विरुद्ध बाजूला जाते’ असे दोन ओळींत कळवले असते, तर काकांनी तेही चाळीत सगळ्यांना दाखवले असते. ते दोन ओळींचे उत्तर मी तुमच्याकडे मागते आहे.

हजारोंनी हरकती येतात, प्रत्येकाला उत्तर द्यायला माणसे कुठून आणायची, असे अधिकारी तुम्हाला सांगतील. त्यांना दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, उदाहरण द्या. २०१५ च्या मार्चमध्ये ट्रायने इंटरनेटवरच्या सेवांच्या नियमनाबद्दल लोकांची मते मागवली आणि दहा लाखांहून अधिक ईमेल आल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का, या प्रश्नावर पुन्हा मते मागवली. तेव्हा आकडा आणखी फुगला, कारण फेसबुकने मोजकी संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ सेवेच्या बाजूने वापरकर्त्यांकडून एकाच साच्याचे लाखो संदेश पाठवून घेतले. ट्रायने स्पष्ट सांगितले, की हे संदेश आम्ही विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, आणि धोरण ठरवणे म्हणजे जनमत चाचणी नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा नियम आला. त्याला जोडलेल्या टिपणात या बाजूने कोणते युक्तिवाद आले, त्या बाजूने कोणते आले आणि ट्रायने कोणते का स्वीकारले, हे क्रमाने लिहिलेले आहे. आलेली मतेही संकेतस्थळावर होती.

लाखो ईमेलमध्ये मुद्दे लाखो नसतात. एका मैदानावरच्या पाचशे हरकती मुद्द्यांनुसार लावल्या तर वीस-पंचवीसच निघतात. पाणी साचेल, शाळेला मैदान उरणार नाही, रस्ता अरुंद आहे, मोबदला मिळालेला नाही, असे ते मुद्दे. त्या पंचवीस मुद्द्यांना पंचवीस सकारण उत्तरे लिहायची आणि पाचशे जणांना ज्याच्या-त्याच्या मुद्द्यांची उत्तरे ईमेलने किंवा एसएमएसने पाठवायची. हे काम एक उपअभियंता आणि दोन लिपिक करू शकतात. साच्यातल्या हरकती पक्षांकडून येतात, बिल्डरांकडून येतात, आमच्यासारख्या नागरिकांच्या गटांकडूनही येतात. मुद्दा मोजला, माथी मोजली नाहीत, की साच्याचा उपयोग आपोआप कमी होतो.

तैवानने याच्याही पुढे जाऊन पाहिले आहे. २०१५ मध्ये उबर आणि टॅक्सीचालक यांचा वाद तिथे पेटला, तेव्हा सरकारने आणि स्वयंसेवी संगणकतज्ज्ञांनी मिळून लोकांपुढे एक साधे साधन ठेवले. कुणीही एक विधान लिहायचे, इतरांनी त्याला सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ म्हणायचे. प्रत्युत्तर देण्याची सोयच ठेवलेली नव्हती, त्यामुळे भांडणाला जागा उरली नाही. सुरुवातीला दोन तट दिसले. पुढे दोन्ही तटांना मान्य होणारी विधाने वर येऊ लागली. प्रवाशाचा विमा हवा, कर भरायला हवा, गाडीची नोंद हवी, हे दोघांनाही मान्य निघाले. त्या धाग्यावरून सरकार आणि संबंधित मंडळी एकत्र बसली आणि नियम झाले. आपल्याकडे पार्किंग, फेरीवाल्यांच्या जागा, विसर्जन मिरवणुकीतला आवाज हे विषय असेच दोन तटांत अडकून पडलेले आहेत. एखाद्या प्रभागात हे करून पाहायला काय हरकत आहे?

आता कायद्याचे. मी मागते ते उपकाराचे नाही. माहिती अधिकार कायदा देशाने २००५ मध्ये केला. महाराष्ट्रात तर अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे राज्याचा कायदा त्याच्याही आधी आला होता. या केंद्रीय कायद्याचे कलम ४ उघडून पाहा. महत्त्वाची धोरणे आखताना आणि लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सगळी संबंधित माहिती प्रसिद्ध करा, असे ते सांगते. प्रशासकीय निर्णयांची कारणे त्या निर्णयाने बाधित होणाऱ्यांना द्या, असेही सांगते. ही माहिती इंटरनेटसह वेगवेगळ्या मार्गांनी स्वतःहून देत राहा, म्हणजे लोकांना अर्ज करावा लागू नये, हेही त्यातच आहे. वीस वर्षे झाली. ‘हरकत अमान्य’ हे दोन शब्द कारण ठरू शकत नाहीत.

माहिती ठेवली आहे असे म्हणतात, तीही कशी ठेवली आहे ते पाहा. सर्वसाधारण सभेच्या ठरावांची पीडीएफ उतरवून घ्या आणि तिच्यात तुमच्या प्रभागाचे नाव शोधा. सापडणार नाही, कारण ती कागदाची छायाचित्रे आहेत. टंकलिखित असली तर बऱ्याचदा जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधायला गेले की रोमन अक्षरांची भेंडोळी हाती येते. नकाशांवरच्या खुणा आणि बांधकाम नियमावलीतल्या संज्ञा इंग्रजीत. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीत व्हावा असा कायदा राज्याने २०२२ मध्ये केला आहे. त्या कायद्यातली मराठी शोधता येणारी, कॉपी करता येणारी, दृष्टिहीन नागरिकाला संगणकाकडून वाचून घेता येणारी असली पाहिजे. या कामाला पैसा लागत नाही, एका परिपत्रकाने होते.

विषयपत्रिकेबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ती तुमच्या स्वतःच्या हातातली गोष्ट आहे. सभेआधी विषयपत्रिका तुमच्याकडे येते, तीच त्याच दिवशी आमच्यासाठी संकेतस्थळावर का येऊ नये? आणि ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून जे शेवटच्या क्षणी येते आणि गोंधळात मंजूर होते, त्याला आळा घाला. आणीबाणीचा विषय असेल तर घ्या, पण तो का आयत्या वेळी आला हे इतिवृत्तात लिहा. सभेचे थेट प्रक्षेपण करा. करोनाकाळात यांतल्या बऱ्याच महापालिकांनी सभा ऑनलाइन घेतल्या, म्हणजे कॅमेरा आणि जोडणी यांची सबब उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाज २०२२ पासून देश घरी बसून पाहतो. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा त्यांनी व्हाइसरॉयच्या स्वागतावरच्या खर्चाला विरोध केला. कोण काय बोलले याची नोंद राहिली, म्हणून आज आपण तो अभिमानाने सांगतो. तुमच्यातही कुणी एकटा उभा राहून योग्य ते बोलेल. त्याचे मतदार ते पाहू शकले पाहिजेत.

इंटरनेटने सगळे पोहोचतात, असे मात्र मी म्हणणार नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्केच स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. पुरुषांत ते प्रमाण ६१ टक्क्यांच्या पुढे होते. त्यानंतर फोन वाढले आहेत, पण घरात एकच फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो हे तुम्हाला प्रचारात दिसलेच असेल. म्हणून ऑनलाइन हरकत ही कागदी हरकतीच्या जोडीला हवी, तिच्या जागी नको. महापालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्र सभेची तरतूद आली. आपल्या भागातल्या मतदारांना एकत्र बसवून बोलायची ती जागा बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. ती भरवा. बचत गटाच्या बायका, घरकाम करणाऱ्या, पथारीवाले तिथे तोंडी जे सांगतील ते तुमच्या कार्यालयातल्या मुलाने हरकतींच्या त्याच यादीत नोंदवावे, आणि त्यांनाही तेच उत्तर जावे.

एक काळजी फार महत्त्वाची आहे. हरकती जाहीर करा, पण हरकतदाराचे नाव, पत्ता, फोन जाहीर करू नका. ट्रायने २०१५ मध्ये आलेल्या सगळ्या ईमेल पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकल्या आणि लाखो लोकांचे पत्ते उघडे पडले. आपल्याकडे तर जमिनीचा प्रश्न आहे. जमिनीचे गैरव्यवहार उघड करणारे तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० ला हत्या झाली, ती आम्ही विसरलेलो नाही. मुद्दा जगाला दिसू दे, माणूस सुरक्षित राहू दे.

आणि तुमच्या प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल. बहुतेकांनी तो निवडणुकीआधीच काढला आहे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, उद्घाटनांचे फोटो येतात, पाणी बंद असल्याची सूचना येते. या शेवटच्या गोष्टीबद्दल खरोखर आभार, त्याचा फार उपयोग होतो. पण ‘गतिरोधक कुणाच्या सांगण्यावरून काढला?’ असे विचारणाऱ्याला गटातून काढू नका. तक्रार सोडवणे हे सेवेचे काम आहे, आणि ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश त्यासाठी येतोच. रस्ता आधी की मैदान आधी, पैसा कुठे जाईल, हे ठरवण्यात आम्हाला वाटा हवा आहे. पुण्याने २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात पाच लाखांपर्यंतची कामे सुचवू देण्याची प्रथा सुरू केली. पदपथ, बाक, दिवे अशी लहान कामे, पण सुरुवात चांगली. अशी कामे सुचवणाऱ्या प्रत्येकाला, काम घेतले असो वा नसो, कारणासह उत्तर गेले तर पुढच्या वर्षी दुप्पट लोक सुचवतील, याची मला खात्री आहे.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा. महापालिकेकडे आलेल्या प्रत्येक हरकतीला व सूचनेला क्रमांक मिळेल. मुद्द्यांनुसार सकारण उत्तरांचा तक्ता निर्णयाच्या आधी मराठीत, शोधता येईल अशा स्वरूपात संकेतस्थळावर येईल, आणि प्रत्येक हरकतदाराला त्याचे उत्तर पोहोचेल. तो तक्ता सोबत नसेल तर प्रस्ताव सभागृहापुढे मंजुरीला येणार नाही. सूचक म्हणून तुमचे नाव लावा, अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा मिळाला तर उत्तम. मसुदा हवा असेल तर तुमच्याच प्रभागातले नागरिक बसून लिहून देतील. तुम्ही फक्त गटावर तसे विचारा.

आपली,
एक मतदार आणि करदाती